मुलींच्या फुटबॉलमध्ये प्रो डिफेंडर व्हायचंय? मग हे सगळं आधी वाच

"कोचने मला मागे टाकलं." हे वाक्य मी इतक्या मुलींच्या तोंडून ऐकलंय की आता कोणी रडक्या आवाजात बोलायला लागली की पुढचं मला आधीच कळतं. मुलगी स्ट्रायकर म्हणून टीममध्ये येते, दोन-चार मॅच गोल होत नाही, मग एक दिवस कोच सांगतात उद्यापासून तू डिफेन्सला, आणि तिला वाटतं संपलं आपलं. मी पण अशीच मागे गेले होते, पंधराव्या वर्षी, नंतरचं सगळं खेळणं सेंटर बॅकलाच, म्हणजे डिफेन्सच्या मधोमध, झालं आणि आता मुलींना शिकवते. म्हणून ज्या मुलीला खरंच प्रो डिफेंडर व्हायचंय तिने काय करायचं ते एका जागी लिहून ठेवतेय. लांब होणारे, पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

डिफेंडरला कोणी विचारत नाही हे आधी डोक्यातून काढ. २०१९ मध्ये युएफाची, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेची, वर्षातली सर्वोत्तम महिला खेळाडू ठरली इंग्लंडची लूसी ब्रॉन्झ, ती राइट बॅक, आणि हा मान मिळवणारी पहिली डिफेंडर. २०२३ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये एकच गोल झाला, तो स्पेनच्या ओल्गा कार्मोनाने मारला, ती लेफ्ट बॅक. आणि जानेवारी २०२५ मध्ये इंग्लंडच्या चेल्सी क्लबने अमेरिकेच्या नाओमी गर्माला दहा लाख डॉलरपेक्षा जास्त मोजून घेतलं, महिला फुटबॉलमध्ये तोपर्यंत एवढी किंमत कुणालाच आली नव्हती, आणि ती सेंटर बॅक आहे. म्हणजे मागे खेळून नाव होतं, पैसेही येतात. फक्त रस्ता वेगळा आहे, कारण डिफेंडरचं चांगलं काम म्हणजे जे घडलंच नाही ते, आणि न घडलेली गोष्ट कोणाच्या डोळ्यात भरत नाही. ते काम आधी नीट करायला शिकायचं आणि मग ते समोरच्याला दिसेल अशी सोयही तूच करायची.

कुठली जागा तुझी?

डिफेन्स म्हणजे एकच पोझिशन नाही. सेंटर बॅकला डोकं थंड पाहिजे, हेडर पाहिजे, आणि अख्खं मैदान समोर असल्यामुळे सतत बोलायची तयारी पाहिजे. फुल बॅकला, म्हणजे कडेच्या राइट किंवा लेफ्ट बॅकला, पळायची ताकद पाहिजे कारण वर जायचं, क्रॉस म्हणजे कडेवरून गोलसमोर बॉल टाकायचा आणि बॉल गेला की तेवढंच अंतर मागे यायचं. तीन सेंटर बॅक घेऊन खेळणाऱ्या टीममध्ये विंग बॅक असते, तिला तर पूर्ण साइड एकटीने सांभाळावी लागते.

उंचीबद्दल सगळ्या विचारतात. फ्रान्सची वेंडी रेनार १.८७ मीटर आहे आणि कॉर्नरला ती वर आली की समोरच्या टीमची धांदल उडते, हे खरं. पण गर्मा काही फार उंच नाही, अमेरिकेची अनेक वर्षांची कॅप्टन बेकी सॉरब्रनही उंचीवर खेळली नाही, ती गेम रीड करण्यावर खेळली. उंची कमी असेल तर उडी कधी मारायची ते आणि जागा आधी पकडायची ते शिकावं लागतं, बस. आणि सोळा-सतरा वर्षांपर्यंत एकाच जागेला चिकटू नकोस, दोन पोझिशन येणारी मुलगी बेंचवर कमी बसते.

टॅकल सगळ्यात शेवटी

नवीन मुली इथेच चुकतात आणि करिअर इथेच घडतं किंवा बिघडतं, म्हणून यावर जरा जास्त बोलते. लोकांना वाटतं डिफेंडर म्हणजे टॅकल. स्लाइड मारली, बॉल काढला, टाळ्या. पण स्लाइड मारायची वेळ आली याचा अर्थ बऱ्याचदा असा असतो की तीन सेकंद आधी तू चुकीच्या जागी उभी होतीस. चांगली सेंटर बॅक मॅच संपल्यावर बघ, बऱ्याचदा तिची शॉर्ट स्वच्छ असते.

पहिली गोष्ट मान. बॉल लांब असताना दर दोन-तीन सेकंदांनी मान फिरवून मागे कोण आहे ते बघायचं. बॉल बघणं सगळ्यांना येतं, बॉल नसलेल्या खेळाडूकडे बघायची सवय लावावी लागते. याचा साधा सराव म्हणजे भिंतीवर पास मारत राहायचं, मैत्रिणीने मागे उभं राहून बोटं दाखवायची, आणि बॉल परत यायच्या आत मागे बघून किती बोटं ते सांगायचं. रोज दहा मिनिटं. पहिल्या आठवड्यात बॉल पायाखालून जाईल, जाऊ दे.

दुसरी गोष्ट अंगाची दिशा. छाती सरळ बॉलकडे करून उभी राहिलीस तर मागे टाकलेल्या बॉलला वळेपर्यंत स्ट्रायकर पुढे गेलेली असते. तिरकं उभं राहायचं, एक पाय पुढे, एक मागे, गुडघे थोडे वाकलेले, वजन पंजांवर, म्हणजे बॉल पण दिसतो, माणूस पण दिसतो आणि वळायला अर्धीच गिरकी लागते.

तिसरी, एकास एक. समोरची बॉल घेऊन अंगावर येतेय, तर तू तिच्याकडे जोरात पळत जायचं पण शेवटच्या दोन-तीन मीटरला छोटी छोटी पावलं टाकून ब्रेक मारायचा आणि साधारण एक हात अंतर ठेवून मागे सरकत राहायचं, याला जॉकी करणं म्हणतात. लक्ष बॉलवर, तिच्या पायांच्या आणि खांद्यांच्या नाटकावर नाही. तिला साइडलाइनकडे ढकलायचं, किंवा तिचा जो पाय कच्चा आहे त्या बाजूला, तो कुठला हे तू पहिल्या दहा मिनिटांत ओळखलं पाहिजेस. तिचा टच जरा लांब गेला की तेव्हा जायचं, आणि गेलीस तर पूर्ण जायचं, अर्धवट पाय घातला की बॉलही मिळत नाही आणि पाय मात्र दुखावतो. तोपर्यंत नुसतं थांबवून धरलंस तरी तुझ्या चार मैत्रिणी मागे येऊन पोचतात, आणि हेच जिंकणं आहे. दहा बाय दहा मीटरच्या चौकोनात दोघींनी हा खेळ आठवड्यातून दोनदा खेळा, नियम एकच, पहिले चार सेकंद टॅकल करायचा नाही.

चौथी गोष्ट लाइन, म्हणजे चौघींनी मिळून वर जायचं की मागे यायचं. यात सगळ्यात कामाचा प्रश्न एकच आहे: बॉल जिच्याकडे आहे तिच्यावर प्रेशर आहे का? तिच्या अंगावर आपली कोणी असेल, तिची मान खाली असेल, तर ती लांब पास टाकू शकत नाही, तेव्हा लाइन वर घ्यायची. ती मोकळी आहे, मान वर करून बघतेय, तर दोन-तीन पावलं मागे सरकायला सुरुवात करायची, बॉल निघायच्या आधी, निघाल्यावर नाही. हे एकीला समजून चालत नाही, एक जरी मागे राहिली तरी ऑफसाइड (पास निघताना समोरची आपल्या लाइनच्या पुढे, गोलच्या बाजूला असणं) गेलं. आणि नियम नीट माहीत असू दे: स्वतःच्या टीमच्या अर्ध्या मैदानात असलेली खेळाडू ऑफसाइड होत नाही, थ्रो-इन, कॉर्नर आणि गोल किकवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नाही, आणि रेफरीला न विचारता तू गोललाइनच्या बाहेर गेलीस तरी तू गोललाइनवरच आहेस असं धरतात, त्यामुळे मुद्दाम बाहेर जाऊन कुणाला ऑफसाइड करता येत नाही.

पाचवी, कव्हर. जोडीदार बॉलवर गेली की तू तिच्या मागे तिरकी सरकायचं, शेजारी नाही. ती हरली तरी तू आहेस.

क्रॉस येताना मुली नेहमी बॉलकडे बघत राहतात आणि मागून स्ट्रायकर येऊन हेडर मारते. तू गोल आणि ती यांच्या मध्ये, पण अशी उभी की दोघं दिसतील, हलकासा हात लावून ती कुठे आहे याचा अंदाज ठेवायचा, ओढायचं नाही, शर्ट धरला तर पेनल्टी आहे. बॉल बाहेर काढताना उंच, लांब आणि बाजूला. मधोमध कधीच नाही.

रेड कार्डाचं पण सांगते कारण एक चुकीचा निर्णय तीन मॅच खाऊ शकतो. समोरचीला गोलची अगदी स्पष्ट संधी असताना तू फाउल करून ती अडवलीस तर रेड. पण आपल्या पेनल्टी बॉक्समध्ये, खरंच बॉल खेळायचा प्रयत्न करताना फाउल झाला आणि पेनल्टी दिली, तर यलो मिळतं, हा बदल २०१६ पासून आहे. ओढलंस, ढकललंस किंवा हाताने मुद्दाम अडवलंस तर बॉक्समध्ये पण रेडच. मॅचच्या विसाव्या मिनिटाला शेवटची डिफेंडर म्हणून स्ट्रायकरला पाडण्यापेक्षा कधी कधी तिला शॉट मारू देणं आणि गोलकीपरवर विश्वास ठेवणं बरं, एक गोल भरून काढता येतो, सत्तर मिनिटं दहा जणींनी खेळणं फार जड जातं.

आता बॉल पायात

पूर्वी डिफेंडरने बॉल लांब फेकला की काम झालं. १९९२ ला बॅक पासचा नियम आला, सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला बॉल गोलकीपरला हातात घेता येईना, आणि २०१९ पासून गोल किकचा बॉल सहकारी बॉक्सच्या आतच घेऊ शकते, म्हणजे तू स्वतःच्या गोलपासून पाच-सहा मीटरवर बॉल घेतेस आणि समोरून दोन स्ट्रायकर धावत येतात. ज्या मुलीला तेव्हा शांत डोक्याने पास करता येतो तिलाच आज मोठे क्लब घेतात. गर्माची एवढी किंमत झाली त्यात तिच्या पासिंगचा वाटा मोठा आहे.

शिकायचं काय? लांबच्या पायावर बॉल घेणं, म्हणजे बॉल उजवीकडून आला तर डाव्या पायावर, म्हणजे अंग उघडतं आणि पुढचं मैदान दिसतं. जमिनीलगत जोरात पास, वीस-पंचवीस मीटर. तिरका लांब पास दुसऱ्या साइडला. आणि दोन्ही पाय. दुसरा पाय नाही हे स्ट्रायकरला पाच मिनिटांत कळतं आणि मग ती तुला त्याच बाजूला कोंडते. १९९९ च्या वर्ल्ड कप फायनलची शेवटची पेनल्टी अमेरिकेच्या ब्रँडी चॅस्टेनने डाव्या पायाने मारली, ती पण डिफेंडरच. रोजच्या सरावात वीस टक्के बॉल दुसऱ्या पायाने असं ठेवू नकोस, निम्मे ठेव, सहा महिने.

हेडर कपाळाने, डोळे उघडे, मान आणि खांदे घट्ट, आणि तू बॉलवर जायचंस, बॉलला तुझ्यावर आदळू द्यायचं नाही. मानेचे व्यायाम कर. सरावात हेडरचा मारा करू नकोस, थोडे पण नीट. डोक्याला डोकं लागलं आणि चक्कर, मळमळ, डोकं जड, काही आठवत नाही, यातलं एक जरी झालं तरी बाहेर यायचं, "मी ठीक आहे" म्हणायचंच नाही. त्या दिवशी परत खेळायचं नाही आणि पुढे डॉक्टर सांगतील तसं टप्प्याटप्प्याने यायचं. याच्यात धाडस दाखवण्यासारखं काही नाहीये.

आणि बोलायचं. लाजून चालत नाही. छोटे शब्द: मागे, वेळ आहे, बाहेर काढ, वर, माझा. ज्या मुली मैदानाबाहेर अगदी कमी बोलतात त्यांना हे अवघड जातं, त्यांना मी सांगते की आधी फक्त एकच शब्द धर, पूर्ण मॅच तेवढाच बोल, पुढच्या मॅचला दुसरा.

गुडघा

हा भाग आईवडिलांनीही वाचा.

मुलींमध्ये एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आतला तो मुख्य लिगामेंट फाटायचं प्रमाण मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे, वेगवेगळ्या अभ्यासांत दुपटीपासून पुढे आकडे येतात. आणि बहुतेक वेळा कोणी धडकलेलं नसतं. मुलगी पळत जाते, ब्रेक मारते किंवा दिशा बदलते, पाय टेकतो, गुडघा आतल्या बाजूला वळतो आणि फाटतो. आता वर मी जॉकीबद्दल काय लिहिलंय ते आठव, जोरात पळत जा आणि ब्रेक मार, म्हणजे डिफेंडर दर मॅचला कितीतरी वेळा जी हालचाल करते तीच ही हालचाल. म्हणून ब्रेक कसा मारायचा हे शिकणं डिफेंडरला दुहेरी कामाचं आहे: लांब एका पावलात थांबायचं नाही, तीन-चार छोट्या पावलांत, कंबर खाली, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत.

फिफाचा अकरा प्लस म्हणून वॉर्म-अप आहे, साधारण वीस मिनिटांचा, तीन भागांचा, त्यात पळणं, मग ताकद, बॅलन्स आणि उड्या, मग परत वेगात पळणं. साहित्य फारसं लागत नाही. नियमाने, म्हणजे आठवड्यातून निदान दोनदा आणि तेही नीट केला तर इंज्युरी स्पष्ट कमी होतात हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलंय. तुमचे कोच करून घेत नसतील तर वीस मिनिटं आधी जाऊन स्वतः कर, दोघी-तिघी मिळून करा. सोबत आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम, स्क्वॉट, एका पायावरचे व्यायाम, मांडीच्या मागच्या स्नायूसाठी नॉर्डिक नावाचा व्यायाम, पोट आणि पाठ. "वजन उचललं की मुलगी जाड होते" हे जे कोणी सांगेल त्याचं ऐकू नकोस.

आणि फाटलाच तर? रडून घे, मग कामाला लाग. इंग्लंडची कॅप्टन लीआ विल्यमसनचा एप्रिल २०२३ मध्ये फाटला, त्यामुळे वर्ल्ड कप गेला, जानेवारी २०२४ ला ती परत आली, आणि २०२५ ला तिच्या कॅप्टन्सीखाली इंग्लंडने परत युरो कप जिंकला. गर्माचाही कॉलेजात असताना फाटला होता. नऊ महिन्यांच्या आधी मॅच खेळायची घाई करायची नाही, लवकर परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जायची शक्यता बरीच वाढते. माझ्यासोबतची एक फार चांगली डिफेंडर सहाव्या महिन्यात उतरली, क्लबला तिची गरज होती आणि तिलाही खेळायचंच होतं, दोनच मॅच खेळली. तारखेवर जायचं नाही, दोन्ही पायांची ताकद मोजून, उडी मोजून, मग जायचं.

पाळीबद्दल पण मोकळं बोलू या. तारखा लिहून ठेव, त्या दिवसांत अंग कसं असतं ते लिहून ठेव, दोन-तीन महिन्यांत तुझा पॅटर्न कळेल. पाळी तीन महिने आलीच नाही तर "बरं झालं, कटकट गेली" असं अजिबात नाही, बऱ्याचदा त्याचा अर्थ तू पळतेस तेवढं खात नाहीयेस, मग हाडं कमकुवत होतात, सतत थकवा येतो, फ्रॅक्चर होतात. डॉक्टरकडे जायचं. लोह तपासून घ्यायचं. बारीक दिसण्यासाठी उपाशी राहणाऱ्या मुलीला मी सरळ सरावातून बाहेर काढते आणि आधी तिच्या घरच्यांशी बोलते.

ट्रायल आणि व्हिडिओ

ट्रायलला स्ट्रायकरचं बरं असतं, गोल मारला की दिसलं. डिफेंडर मग दिसण्यासाठी काहीही करते, प्रत्येक बॉलवर उडी, लांबून स्लाइड, आणि नेमकं तेच बघणाऱ्याला नको असतं. ट्रायलला गेल्यावर सगळ्यात आधी शेजारच्या सेंटर बॅकला नाव विचार आणि गोलकीपरला नाव विचार. मग नावाने हाक मारून बोल. अनोळखी मुलींची लाइन दहा मिनिटांत जमवून देणारी मुलगी लगेच डोळ्यात भरते, कारण बाकी सगळ्या स्वतःपुरतं खेळत असतात. पहिले तीन-चार पास साधे दे. चूक झाली तर डोकं धरून उभी राहू नकोस, पळत मागे ये, ते पण बघत असतात, किंबहुना तेच बघत असतात.

नकार मिळेल. वेंडी रेनार मार्टिनिक बेटावरून क्लेअरफोंतेनच्या, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय फुटबॉल सेंटरच्या, ट्रायलला गेली होती, तिथे तिला घेतलं नाही, मग ती फ्रान्सच्याच लिओं क्लबच्या ट्रायलला गेली, आणि त्या क्लबसोबत तिने आठ वेळा युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग जिंकली. ब्रॉन्झला तर बाराव्या वर्षी मुलांच्या टीममधून बाहेर पडावं लागलं कारण तेव्हा त्या वयानंतर मुलामुलींनी एकत्र खेळायला परवानगी नव्हती.

व्हिडिओ करताना मुली फक्त टॅकल टाकतात. तसं करू नको. प्रत्येक क्लिप बॉल यायच्या पाच-सहा सेकंद आधीपासून सुरू कर, म्हणजे तू मान फिरवलीस, दोन पावलं सरकलीस आणि मग बॉल तुझ्याकडे आला हे दिसतं. सुरुवातीला स्वतःभोवती गोल काढून दाखव. तीन ते पाच मिनिटं पुरे: एकास एक, इंटरसेप्शन म्हणजे मध्येच अडवलेले पास, हेडर, प्रेशरमध्ये पास, मागे पळत येऊन अडवलेले बॉल. आणि सोबत दोन पूर्ण मॅच, त्यातली एक हरलेली असली तरी चालेल, कारण सीरियस स्काउट पूर्ण मॅच मागतातच. कॅमेरा उंचावरून, पूर्ण लाइन दिसेल असा. तू मैदानातून जे रोखलंस ते फक्त असंच दिसतं.

कागदावर सही करताना

मुली इथे फार भोळ्या असतात. कोणी प्रो कॉन्ट्रॅक्ट म्हटलं की सही. थांब.

कॉन्ट्रॅक्ट लेखी पाहिजे, तुला वाचता येणाऱ्या भाषेत पाहिजे, आणि त्याची एक प्रत तुझ्याकडे पाहिजे. पगार किती, कोणत्या तारखेला, राहणं आणि प्रवास कोणाच्या खर्चाने, इंज्युरी झाली तर ऑपरेशन आणि फिजिओ कोण देणार, इन्शुरन्स कोणाचा, आणि इंज्युरीत पगार चालू राहणार का, या ओळी शोध. नसतील तर घालून माग. डिफेंडरला बोनस ठरवताना गोल धरून उपयोग नाही, किती मॅच सुरुवातीपासून खेळली आणि किती क्लीन शीट, म्हणजे एकही गोल न खाल्लेल्या मॅच, झाल्या ते धर.

फिफाचे काही नियम सगळीकडे उपयोगी पडतात. कॉन्ट्रॅक्ट जास्तीत जास्त पाच वर्षांचं, आणि अठराच्या आतल्या मुलीचं तीन वर्षांचं. "मेडिकल पास झाली तरच कॉन्ट्रॅक्ट लागू" अशी अट चालत नाही, मेडिकल सहीच्या आधी करायचं असतं. दोन महिन्यांचे पगार थकले तर क्लबला लेखी नोटीस द्यायची, पैसे भरायला निदान पंधरा दिवस द्यायचे, तरीही नाही आले तर तू कॉन्ट्रॅक्ट मोडून जाऊ शकतेस. शेवटचे सहा महिने राहिले की दुसऱ्या क्लबशी बोलणी करायला मोकळी असतेस. अठरा वर्षांच्या आत दुसऱ्या देशात ट्रान्सफर, मोजके अपवाद सोडले तर, बंद आहे, त्यामुळे सोळा वर्षांच्या मुलीला परदेशात क्लब मिळवून देतो म्हणून आधी पैसे मागणारा माणूस दिसला की दोन हात लांब राहा. एजंटचं फिफा लायसन्स आहे का ते तपास. तुझ्या लीगमध्ये खेळाडूंची युनियन असेल तर मेंबर हो, खेळाडूंची जागतिक संघटना फिफप्रो आहे आणि देशोदेशीच्या युनियन तिच्याशी जोडलेल्या आहेत.

माझा एक पगार असाच राहिला होता, चार महिने, सगळं तोंडी ठरलेलं, हातात कागदच नव्हता म्हणून काही करता आलं नाही. म्हणून एवढं लिहितेय.

शिक्षण सोडू नकोस. जगातल्या खूप लीगमध्ये आजही पगारावर वर्ष निघत नाही, अनेक जणी नोकरी करून खेळतात. क्लब निवडताना नावापेक्षा हे बघ की तुझ्या जागेवर आधीच कोण आहे आणि तू वर्षाला किती मॅच खेळशील. एकोणीस-वीस वर्षांच्या सेंटर बॅकला मोठ्या क्लबच्या बेंचपेक्षा लहान क्लबमधल्या पंचवीस मॅच जास्त शिकवतात, ही पोझिशन बाहेर बसून येतच नाही. लोन, म्हणजे काही काळ दुसऱ्या क्लबकडून खेळायची सोय, मिळत असेल तर घे.

मूल हवंय आणि खेळायचंही आहे?

हा प्रश्न मुली दबक्या आवाजात विचारतात. २०२१ पासून फिफाच्या नियमात किमान चौदा आठवड्यांची मॅटर्निटी लीव्ह आहे, त्यातले किमान आठ आठवडे बाळंतपणानंतर, आणि त्या काळात किमान दोन तृतीयांश पगार. गरोदर आहे म्हणून कॉन्ट्रॅक्ट मोडता येत नाही. आइसलँडच्या सारा ब्यॉर्क गुन्नर्सदोत्तिरने याच नियमावर आपल्या क्लबकडून राहिलेला पगार मिळवला. आणि खेळायचं म्हणशील तर अमेरिकेची डिफेंडर जॉय फॉसेट तीन मुलींची आई होऊन खेळत राहिली, क्रिस्टी रॅम्पोन दोन मुलींची आई, ती २०१५ च्या वर्ल्ड कपमध्ये चाळिसाव्या वर्षी मैदानात उतरली. डिफेंडरला हा एक फायदा आहे, वेग थोडा कमी झाला तरी आधी ओळखून जागा घेण्याची सवय वयासोबत वाढत जाते. अट एकच, ती सवय विसाव्या वर्षीच लावलेली पाहिजे, ज्या फक्त वेगावर खेळतात त्यांना तिशी अवघड जाते.

आणि खेळतानाच कोचिंगच्या परीक्षा द्यायला सुरुवात कर. अख्खं मैदान समोर बघत आणि दहा जणींना जागा सांगत तू पंधरा वर्षं काढलेली असतात, कोचला हेच करायचं असतं. सोनिया बोंपास्तोर लिओंमध्ये लेफ्ट बॅकला खेळून चॅम्पियन्स लीग जिंकली आणि २०२२ ला त्याच क्लबची कोच म्हणून परत जिंकली. केसी स्टोनी इंग्लंडची कॅप्टन होती, डिफेंडर, तीन मुलांची आई, नंतर सॅन डिएगो वेव्हची कोच झाली. २०२२ च्या अमेरिकन लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब आळीपाळीने नवीन खेळाडू निवडतात त्यात, या नवीन क्लबला पहिली निवड मिळाली होती, देशभरातल्या कॉलेजातून येणाऱ्या सगळ्या मुलींमधून कोणालाही घेता आलं असतं, एखादी गोल मारणारी सुद्धा. त्यांनी सेंटर बॅक घेतली, नाव नाओमी गर्मा.